विंडोज १० संपल्यावर लिनक्स मिंट आणि लिब्रेऑफिस: पतसंस्थेच्या कार्यालयातला काही महिन्यांचा अनुभव

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. ऑफिस २०१६ आणि २०१९ चाही त्याच दिवशी. आमच्या पतसंस्थेत बहुतेक मशीनवर हीच जोडी होती, त्यामुळे ऐन दिवाळीच्या तोंडावर निर्णय घ्यावा लागला. मशीन धडधाकट आहेत: सातव्या पिढीचे आय-थ्री, ८ जीबी रॅम, नंतर बसवलेली एसएसडी. पण विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. एका पिढीच्या फरकासाठी चालती मशीन भंगारात काढणं मला मुळीच पटत नाही. सुरक्षा अपडेट पैसे भरून पुढे चालू ठेवता येतात, पण संस्थांना दर मशीनमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि तेही फार तर तीन वर्षं. हा पैसा सभासदांचा आहे.

शेवटी कर्ज, वसुली आणि आवक-जावक या टेबलांवरची मशीन लिनक्स मिंट २२ या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर नेली, तिथे ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस. काउंटरला विंडोज ११ ची नवी मशीन घेतली, कारण बँकिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याला जोडलेले पासबुक प्रिंटर तिथेच चालतात. म्हणजे मी रोज दोन्ही सांभाळतो, आणि मार्चएंडही दोन्हींवर काढला.

सगळ्यात मोठा फरक वेगाचा नाही, ताब्याचा आहे. विंडोजचे मासिक अपडेट अमेरिकेतल्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, म्हणजे आपल्याकडे ते बुधवारी दिसतात. प्रो आवृत्तीत ते ३५ दिवस थोपवता येतात, मग घ्यावेच लागतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काउंटरचं मशीन रीस्टार्ट मागायला लागलं तर रांगेतल्या माणसाला काय सांगायचं? मिंटचा अपडेट मॅनेजर काय आलंय ते दाखवतो आणि थांबतो. मी शनिवारी संध्याकाळी टाइमशिफ्टने सिस्टीमचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतो, अपडेट चढवतो, काही बिघडलंच तर मागे जातो.

दुसरी गोष्ट खात्याची. विंडोज ११ ची होम आवृत्ती सुरू करतानाच मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन खातं मागते. एकदा लिपिकाच्या वैयक्तिक खात्याने मशीन चालू झालं की वनड्राइव्ह या क्लाउड साठवणीचा बॅकअप डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर तिकडे उचलायला बघतो. वर्डमधला ऑटोसेव्हही फाइल क्लाउडवर असेल तरच चालतो. आमच्या डेस्कटॉपवर काय असतं? सभासदांचे आधार, पॅन, जामीनदारांच्या सह्यांचे स्कॅन. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाल्यावर तर ही जबाबदारी संस्थेची आहे, आणि तो डेटा कुणाच्या खासगी खात्यात जाणं मला मान्य नाही. डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरचंही तेच: तशा खात्यावर एन्क्रिप्शन सुरू झालं तर ४८ अंकी रिकव्हरी की त्याच खात्यात साठते. तो माणूस निवृत्त झाला की किल्ली त्याच्यासोबत गेली. काउंटरच्या मशीनवर मी प्रो आवृत्ती आणि लोकल खातं ठेवलंय, कीच्या छापील प्रती तिजोरीत आहेत.

आता सातबारा. वसुलीच्या टेबलवरून ठरलेला फोन: “सर, गट नंबर टाकला की तारीख होतीये.” स्प्रेडशीटमध्ये ११/२ लिहिलं की ११ फेब्रुवारी होतं. १४५/२ मात्र तसाच राहतो, म्हणून वरवर पाहणाऱ्याला चूक दिसतच नाही. नंतर तो सेल टेक्स्ट केला तर ४६०६४ असा तारखेमागचा आकडा हाती येतो, मूळ गट नंबर गेलेला असतो. जप्तीच्या कागदावर असा नंबर गेला तर पुढचं सगळं प्रकरण अडतं. एक्सेलच्या याच सवयीमुळे २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी मार्च१, सेप्ट१ अशा मानवी जनुकांची नावंच बदलली. २०२३ मध्ये अक्षर-अंक जोडीचं रूपांतर बंद करायची सोय आली, पण तिरकी रेघ असलेल्या आकड्यांना ती लागू पडत नाही. तिथे कॉलम आधी टेक्स्ट करून ठेवणं हाच उपाय. लिब्रेऑफिसचं कॅल्क, म्हणजे त्यातलं स्प्रेडशीट, हेही मुळात हेच करतं, पण त्याच्या भाषेच्या सेटिंगमध्ये कोणत्या साच्याला तारीख समजायचं ते लिहिलेलं असतं. त्यातला दिवस/महिना हा साचा पुसला की ११/२ हा ११/२ च राहतो, आणि पूर्ण तारीख ओळखणं सुरूच राहतं. एवढ्या एका सेटिंगसाठी मी वसुलीचं मशीन परत विंडोजवर नेणार नाही.

मराठीच्या बाबतीत दोघांनीही दमवलं. जुन्या नोटिसा मंगल फाँटमध्ये. मिंटवर तो नसतो, बदली फाँट येतो, ओळींची उंची बदलते आणि एका पानाची सहकार कायद्याच्या कलम १०१ ची वसुलीची नोटीस दुसऱ्या पानावर सांडते. नव्या विंडोजवरही मंगल हा देवनागरीच्या पूरक फाँटमध्ये मोडतो, वेगळा घ्यावा लागू शकतो. मी सगळ्या मशीनवर ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ फाँट टाकला, तो मुक्त परवान्याचा आहे, आणि नमुने त्यातच नव्याने बांधले. लिब्रेऑफिसमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटचा, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांचा, फाँट आणि आकार इंग्रजीपासून वेगळा ठरवावा लागतो. हे नवख्याला कुणी सांगत नाही आणि त्याचा पहिला दिवस त्यातच जातो. शोधाची अडचण अजून सुटलेली नाही: ‘शेतकऱ्यांना’मधला ऱ्या काही फाइलींत ऱ वापरून, तर काहींत र आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून टाइप झालाय. दिसायला सारखेच, पण एक शोधला की दुसरा सापडत नाही. श्रीलिपी या टायपिंग सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइली तर युनिकोडच नाहीत, त्या एकेक करून बदलतोय.

जमलं नाही तेही सांगतो. व्याजाच्या तक्त्यातले व्हीबीए मॅक्रो (एक्सेलमधल्या स्वयंचलित आज्ञा) कॅल्कमध्ये अर्धवट चालले, म्हणून तो तक्ता विंडोजवरच आहे. डिजिटल सहीच्या टोकनसाठी विक्रेत्याने फक्त विंडोजचा ड्रायव्हर दिला, त्यामुळे सहीचं एक मशीनही तिथेच. सेव्ह करताना लिब्रेऑफिस फॉरमॅट विचारतं, लिपिक घाईत त्याचा स्वतःचा ओडीएफ निवडतात आणि लेखापरीक्षकांना फाइल नीट दिसत नाही. सेटिंगमध्ये एक्सेलचा एक्सएलएसएक्स हा कायमचा फॉरमॅट ठेवल्यावर ती तक्रार थांबली.

आता वार्षिक सभेच्या अहवालाचं काम सुरू होईल. ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यायची असते आणि छापखाना अजून जुन्या फाँटमधला मजकूर मागतो. या वेळी युनिकोड मजकूर आणि सोबत पीडीएफ देणार आहे, जोडाक्षरं पीडीएफशी ताडून घ्या असं त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय.