रोबोटचं चुकीचं वायरिंग आणि बोर्डांचा जीव: पावसाळ्यापासूनचा वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते. हौशी रोबोटवर कष्ट घालायचे असतील तर पहिले कनेक्टरवर घाला, मग फ्यूजवर, मग मॉस्फेटवर (उलटी बॅटरी अडवणारा इलेक्ट्रॉनिक स्विच). आणि 'बॅटरी उलटी लागली तर' एवढ्याच चुकीचा बंदोबस्त करून थांबू नका. बोर्डाच्या पाच व्होल्टच्या जागी बॅटरी जोडल्याने त्याहून जास्त बोर्ड मरतात. निदान आमच्याकडे तरी.

आमच्याकडे म्हणजे कोल्हापुरात रविवारी भरणाऱ्या मुलांच्या रोबोट गटात. सहावी ते दहावीची मुलं, आर्डुइनो ऊनो (रोबोटचा मेंदू असलेला बोर्ड), एल२९८एन ड्रायव्हर (मोटर चालवणारं मॉड्यूल), दोन १८६५० लिथियम सेल सिरीजमध्ये, म्हणजे पूर्ण चार्जला ८.४ व्होल्ट. गेल्या पावसाळ्यात सगळ्या रोबोट-गाड्यांवर संरक्षण चढवलं. एकटा मोठा माणूस महिनाभरात जेवढं चुकीचं जोडेल तेवढं इथे एका दुपारी जोडलं जातं, त्यामुळे परीक्षा कडक झाली.

कनेक्टरपासून सुरुवात. बॅटरीला आम्ही एक्सटी६० लावले. त्याची एक बाजू तासलेली असते, उलटा घालायचा म्हटला तरी जात नाही, आणि अंगावर प्लस-मायनस छापलेलं असतं. बॅटरीकडे नेहमी मादी कनेक्टर, म्हणजे उघडा पितळी खांब कशाला टेकून शॉर्ट होत नाही. डाग देताना (सोल्डर करताना) समोरचा जोडीदार कनेक्टर आत घालून ठेवा, नाहीतर प्लॅस्टिक मऊ पडून पिन तिरकी होते. पाच व्होल्टच्या लाइनला वेगळ्या आकाराचा जेएसटी कनेक्टर, आणि ड्यूपॉन्ट वायर (पिनवर खोचायची बारीक वायर) फक्त सिग्नलला. हा शेवटचा नियम सगळ्यात उपयोगी पडला. ड्यूपॉन्टच्या रंगीबेरंगी पट्ट्यातली वायर मुलं हाताला येईल ती उचलतात, मग लाल वायर ग्राउंडला आणि काळी पाच व्होल्टला. रंगांचा तक्ता भिंतीवर लावून पाहिला, कोणी बघत नाही. (सर्व्होचा, म्हणजे ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरचा, तीन पिनांचा कनेक्टर ज्यांनी ठरवला त्यांना मात्र दाद द्यायला हवी. पॉवर मधल्या पिनला असल्यामुळे तो उलटा लावला तर सर्व्हो नुसता हलत नाही, जळत सहसा नाही.)

फ्यूज म्हणजे मोटारगाडीतला साधा ब्लेड फ्यूज, ५ अँपिअरचा. गावातल्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो आणि उडालाय का ते पारदर्शक अंगातून दिसतं. मात्र फ्यूज चिप वाचवत नाही. दुप्पट करंटलाही तो उडायला काही सेकंद घेऊ शकतो आणि चिप त्याच्या कितीतरी आधी गेलेली असते. तो वाचवतो वायर, बॅटरी आणि टेबल. चांगला १८६५० सेल शॉर्ट झाला की सहज दहा अँपिअरच्या कितीतरी वर ओततो आणि बारीक वायरचं इन्सुलेशन बघता बघता वितळतं. म्हणून फ्यूज बॅटरीच्या अगदी गळ्याशी हवा. आमच्या एका गाडीत तो स्विचच्या पलीकडे होता आणि बॅटरी ते स्विच ही वायर चासीच्या कडेला घासून उघडी पडली. फ्यूज ठणठणीत, वायर काळी.

उलट्या बॅटरीसाठी आधी सिरीज डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) होते. १एन४००७ एका अँपिअरचाच, दोन मोटर अडकल्या की तापतो. १एन५८२२ हा शॉटकी जातीचा डायोड ३ अँपिअर झेपतो, पण त्या करंटला अर्धा व्होल्ट खातो, म्हणजे दीड वॉट नुसती उष्णता. एल२९८एन स्वतःच दोनेक व्होल्ट गिळतो, त्यात ही भर. शिवाय ब्रेक लावताना मोटरकडून उलट येणारा करंट डायोड अडवतो आणि ड्रायव्हरच्या लाइनवर व्होल्टेज चढतं. मॉस्फेटमध्ये ही अडचण नाही, करंट बॅटरीत परत जाऊ शकतो.

आता सगळीकडे आयआरएफ४९०५ हा पी-चॅनेल मॉस्फेट आहे. चालू असताना रेझिस्टन्स सुमारे ०.०२ ओहम, म्हणजे ३ अँपिअरला ड्रॉप जेमतेम ०.०६ व्होल्ट. ड्रेन बॅटरीच्या प्लसकडे, सोर्स गाडीकडे, गेट १० के (१०,००० ओहम) रेझिस्टरमधून ग्राउंडला. गंमत अशी की ड्रेन-सोर्सची अदलाबदल झाली तरी गाडी मजेत चालते. आतला बॉडी डायोड तेव्हा चुकीच्या दिशेला तोंड करून बसतो, म्हणजे संरक्षण शून्य आणि पत्ता कोणालाच नाही. म्हणून बसवल्यावर पुढे काही न जोडता बॅटरी मुद्दाम उलटी लावायची आणि आउटपुटवर बल्ब धरायचा. बल्ब पेटला तर मॉस्फेट उलटा आहे. मोठ्या बॅटरीवालेही लक्षात ठेवा, गेटची मर्यादा २० व्होल्ट आहे. त्यावर गेलात तर गेट आणि सोर्सच्या मध्ये १२ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजच्या वर वाहू लागणारा डायोड) लागेल.

आता पाच व्होल्ट. एल२९८एनच्या मॉड्यूलवर तीन स्क्रू शेजारी शेजारी असतात: बॅटरी, ग्राउंड, पाच व्होल्ट. आठवीतल्या एका मुलीने बॅटरीची प्लस वायर तिसऱ्या स्क्रूला आवळली आणि स्विच दाबला. पोलॅरिटी बरोबर, करंटही फारसा नाही, त्यामुळे मॉस्फेट आणि फ्यूज दोघेही गप्प. तिकडून ८.४ व्होल्ट थेट ऊनोच्या पाच व्होल्ट पिनकडे निघाले. तिथल्या एटीमेगा३२८पी चिपची कमाल मर्यादा ६ व्होल्ट. वाटेत झीरो पीसीबीचा (भोकांच्या कोऱ्या बोर्डाचा) एक तुकडा लावला होता, त्यावर अर्ध्या अँपिअरचा पॉलिफ्यूज (तापून करंट अडवणारा, थंड झाला की पुन्हा चालू होणारा फ्यूज) आणि त्यापुढे लाइन ते ग्राउंड ५ वॉटचा झेनर. झेनर चटका बसेल इतका तापला, पॉलिफ्यूज ट्रिप झाला, ऊनोचा दिवा विझला. "ताई, गेला का हो?" वायर काढली, थंड होऊ दिलं, यूएसबी लावली, ऊनो चालू. ड्रायव्हर गेला तो गेलाच, कारण त्याच्या लॉजिकची मर्यादा ७ व्होल्ट आहे आणि तो पॉलिफ्यूजच्या अलीकडे होता.

झेनर निवडताना ५.१ व्होल्टचा घेऊ नका. तो नेहमीच्या ५ व्होल्टलाच थोडा वाहू लागतो आणि सदा कोमट राहतो. ५.६चा बरा, जरी चुकीच्या क्षणी लाइन ६च्या किंचित वर जाते. टीव्हीएस (व्होल्टेजचा झटका शोषणारा डायोड) वापरणाऱ्यांनो, एसएमबीजे५.०ए नावाला पाचचा आहे, वाहायला लागतो साधारण ६.४ला. एटीमेगाला त्याचा उपयोग नाही.

पॉलिफ्यूजबद्दल तक्रार आहे. एकदा ट्रिप झाला की त्याचा रेझिस्टन्स पूर्वीइतका खाली येत नाही. दिवाळीनंतर एका गाडीत सर्व्हो हलला की ऊनो रिसेट व्हायचा. कोड तपासून झाला, बॅटरी बदलून झाली. शेवटी मल्टीमीटरने बघितलं तर पॉलिफ्यूजच्या दोन टोकांत व्होल्टेज पडत होतं. आता सर्व्होची पॉवर वेगळी आणि ट्रिप झालेला पॉलिफ्यूज सरळ बदलायचा.

सिग्नलच्या वायरींना १ के रेझिस्टर, हा सगळ्यात स्वस्त विमा. आउटपुट पिन चुकून ग्राउंडला लागली तरी ५ मिलिअँपिअरच जातात, पिनची कमाल मर्यादा ४० आहे. अल्ट्रासॉनिक सेन्सर, सर्व्हो, ड्रायव्हरचे इनपुट, कशालाच फरक पडला नाही. आयटूसीला (सेन्सरशी बोलायच्या दोन डेटा वायरी) मात्र १०० ते २२० ओहम ठेवा. ऊनोऐवजी ईएसपी३२ वापरत असाल तर एचसी-एसआर०४ या अल्ट्रासॉनिक सेन्सरच्या एको पिनला १ के आणि २ केचा व्होल्टेज डिव्हायडर हवाच, ती चिप ३.३ व्होल्टची आहे.

नवीन गाडी पहिल्यांदा चालू करताना टीव्ही दुरुस्तीवाल्यांचा सिरीज बल्ब आम्ही उचलला, फक्त इथे दुचाकीचा १२ व्होल्ट १० वॉटचा इंडिकेटर बल्ब. बॅटरीच्या प्लसमध्ये तो घालायचा आणि मोटर काढून ठेवायच्या. क्षणभर लुकलुकून मंद झाला तर ठीक, ढणढणीत पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. फ्यूजचा खर्च यानेच कमी केला.

तयार प्रोटेक्शन मॉड्यूल घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. एका दुकानातून आणलेल्या मॉड्यूलवर 'रिव्हर्स प्रोटेक्शन' छापलं होतं. आत होता इनपुटला आडवा टाकलेला एक डायोड, आणि फ्यूज नव्हताच. बॅटरी उलटी लागली की तो डायोडच बॅटरी शॉर्ट करणार आणि जळून उघडा पडला की पुढचं सगळं उघड्यावर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या, पुण्याच्या तपकीर गल्लीतून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, घेतल्यावर मल्टीमीटर डायोड मोडवर ठेवून इनपुटच्या प्लस-मायनसवर उलटसुलट धरा. लाल टोक मायनसवर असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा आला आणि आत फ्यूज दिसत नसेल तर आपला ब्लेड फ्यूज आधी जोडा, मगच बॅटरी.