माँटगोमेरीत डॉ. किंग यांचं घर पाहताना

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात माँटगोमेरीला गेलात तर साउथ जॅक्सन स्ट्रीटवरचं ३०९ क्रमांकाचं घर चुकवू नका. डेक्स्टर ॲव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्चच्या पाद्र्यासाठीचं हे साधं लाकडी घर. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी अहिंसेने लढणारे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग त्या चर्चचे पाद्री म्हणून १९५४ पासून १९६० पर्यंत इथे राहिले. आता ते संग्रहालय आहे, गाइड सोबत घेऊन फिरवतात.

घर छोटं आहे, भराभर चाललात तर लगेच संपेल. ओसरीवर मात्र थांबा. बॉम्ब पडला ती जागा तिथे खूण करून ठेवली आहे. ३० जानेवारी १९५६ ची रात्र. (तारीख ऐकून मी दचकले, आपल्याकडे गांधीजींची पुण्यतिथी.) बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध शहरातल्या काळ्या लोकांनी बसवर टाकलेल्या बहिष्काराला आठ आठवडे झाले होते. किंग सभेला गेलेले, घरात पत्नी कोरेटा आणि अडीच महिन्यांची मुलगी योलांडा. ओसरीवर काहीतरी आदळल्याचा आवाज आला तशी कोरेटा मागच्या बाजूला सरकली, म्हणून दोघी वाचल्या.

किंग धावत परत आले तेव्हा दारात जमाव होता, संतापलेला, काहींच्या हातात शस्त्रं. बायको-मुलगी सुखरूप आहेत एवढं पाहून २७ वर्षांचा हा माणूस याच ओसरीवर उभा राहिला आणि लोकांना म्हणाला, शस्त्रं घरी न्या, शत्रूवरही प्रेम करा. ओसरीपासून रस्ता किती जवळ आहे ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं. माझ्या तोंडून शब्द फुटला नसता.

आपण शाळेपासून गांधीजी ऐकतो, त्यामुळे अहिंसा कुणाला तयार मिळते असं वाटतं. तसं नव्हतं. बॉम्बनंतर किंगनी पिस्तुलाचा परवाना मागितला होता, तो नाकारला गेला. घरात शस्त्र ठेवायचंच नाही हे त्यांनी नंतर, खूप विचार करून ठरवलं. ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली.

स्वयंपाकघरात टेबल आहे. बॉम्बच्या तीन रात्री आधी धमकीचा फोन आला, झोप उडाली, आणि किंग कॉफी करून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी प्रार्थनेला बसले. तिथे मी बराच वेळ उभी होते.

बहिष्कार ३८१ दिवस चालला. त्यांचं चर्चही बघा, राज्याच्या विधानभवनाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच आहे. घरासाठी मात्र आधी फोन करून वेळ ठरवा आणि पुढचा कार्यक्रम लगेच ठेवू नका.