एकाच कॅनमधल्या दोन बाटल्या

मुलीच्या हट्टापायी गेल्या जूनमध्ये आम्ही ठाण्यातील एका दुकानातून दोन फुटी फिशटँक आणला. जेमतेम ५४ लिटर पाण्याच्या त्या टाकीत सहा गोल्डफिश त्याच दिवशी सोडता येतील का, असे विचारताच दुकानदाराने बिनलेबलच्या दोन बाटल्या पुढे ठेवल्या : ६० रुपयांचे अँटिक्लोरीन आणि ४५० रुपयांचे ‘तयार बॅक्टेरिया’. ‘‘साहेब, हे टाका आणि संध्याकाळी मासे सोडा,’’ या त्याच्या शब्दावर मी विसंबलो.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झाले, मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले आणि आठवड्याच्या आत चार गेले. सगळे पाणी बदला, फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुवा आणि नव्या माशांबरोबर बॅक्टेरियाची नवी बाटली न्या, हा त्याचा सल्ला मी दोन महिने इमानेइतबारे पाळला. त्यात सतरा मासे मेले.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून विषारी अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तर दुसरे त्या नायट्राइटचे बरेच कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू मुख्यतः स्पंजवर आणि खडीवर वाढतात, त्यांचे बस्तान बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांना मारते. थोडक्यात, त्याच्या सल्ल्याने माझी टाकी दर आठवड्याला पुन्हा नवी होत होती. त्याला हे ठाऊक नसावे असे मी मानत नाही, कारण स्वतःच्या टाक्यांचे स्पंज तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळत असे.

ऑगस्टमध्ये दुकानातला पोऱ्या एकाच कॅनमधून दोन्ही प्रकारच्या बाटल्या भरताना मला दिसला. जाब विचारला तेव्हा ‘‘जिवंत मालाची गॅरंटी नसते’’ असे उत्तर मिळाले. बाटली हा जिवंत माल नव्हे, हे खरे; पण पक्के बिल न मागता कच्च्या चिठ्ठीवर भागवण्याची चूक माझीच होती.

पुढे एका मित्राच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज आणून फिल्टरमध्ये बसवला, अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे किट घेतले आणि दोन्ही शून्यावर टिकल्यानंतरच चार गप्पी सोडले. वाचलेले दोन गोल्डफिश मित्राच्या मोठ्या टाकीत गेले. ‘बॅक्टेरिया’ची शेवटची बाटली मी नव्या पाण्यातील क्लोरीन घालवायला वापरतो आहे; त्या कामाला ती उत्तम चालते.