मरीन प्लायचा शिक्का पाहून फसू नका: इंदूरमधला आमचा अनुभव

इंदूरमध्ये कुणी फिशटँकच्या स्टँडसाठी, किचनसाठी, बाथरूमच्या दारासाठी मरीन प्लाय, म्हणजे पाणी सोसणारा प्लाय, घ्यायला निघालं असेल, तर आधी हे वाचा. आमचे पैसे गेले. मासे आणि काच थोडक्यात वाचली.

मुलाला मोठी टाकी हवी होती: चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. सासरे म्हणाले, स्टँड आपण घरीच करू. वहीत हिशोबही त्यांनीच मांडला. नऊ घनफूट म्हणजे सुमारे 255 लिटर, म्हणजे तितकेच किलो पाणी. 10 एमएम काचेचे पन्नासेक किलो. वर वाळू आणि दगड. सगळं मिळून साडेतीनशेच्या घरात. "वजन उभ्या प्लायवर यायला हवं, स्क्रूवर नाही," हे त्यांनी मला तीनदा ऐकवलं. म्हणून मध्ये जास्तीचा उभा आधार घेतला आणि स्टँड बाजूला कलू नये म्हणून मागे पूर्ण पाठ लावली.

प्लाय घ्यायला जवाहर मार्गाच्या बाजूच्या एका गल्लीत गेले. दुकानदार आधी हिंदीत बोलत होता. मी फोनवर सासऱ्यांशी बोलताना त्यानं ऐकलं आणि लगेच मराठीवर आला. "वहिनी, लोकमान्यनगरच्या का? अहो, माझी मावशी तिथलीच." इंदुरात दिवसभर बाजारात हिंदी बोलायची सवय असते, समोरून असं घरचं मराठी आलं की माणूस आपलाच वाटतो. मलाही वाटला. त्यानं 19 एमएमच्या शीटवरचा शिक्का दाखवला, आयएसआयची खूण, वर आयएस 710, म्हणजे मरीन प्लायच्या मानकाचा क्रमांक. कडेवर बोट फिरवून थरांमधल्या गडद रेघा दाखवल्या. "हा फिनॉलचा डिंक, वहिनी. पाण्यात बुडवून ठेवा." भाव चौरस फुटाला 105 रुपये, दोन शीटचे 6720. मी बिल मागितलं तर म्हणाला, "18 टक्के जीएसटी कशाला भरता? आपल्या माणसाला चिठ्ठीच देतो." बाराशे रुपये वाचले म्हणून मी खूश होऊन घरी आले. चिठ्ठीवर फक्त "19 एमएम, 2 नग" लिहिलं होतं.

पुढचा दीड महिना फार आनंदाचा होता. कापलेल्या कडांना लाकडी लिपिंग, म्हणजे बारीक पट्ट्या, लावल्या. 120, मग 180, मग 240 नंबरचा पॉलिश पेपर. प्रत्येक हातानंतर ओल्या फडक्यानं भुकटी पुसायची, वाळू द्यायचं, मग पुढचा हात. पीयू पॉलिशचे तीन हात दिले, आतून आणि खालूनही. फिल्टरच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकात ब्रश नीट पोचत नव्हता, तिथं एकच हात बसला. सासऱ्यांनी पाणसळ ठेवून चारही कोपरे तपासले, वर थर्मोकोल अंथरला आणि एप्रिलमध्ये टाकी चढवली. नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, त्यामुळे भरायला दोन पाळ्या लागल्या.

जुलैत खालचं दार घासायला लागलं. पावसाळ्यात लाकूड फुगतंच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग एका रात्री पाणी प्यायला उठले आणि टाकीच्या मागच्या कोपऱ्याखालून पलीकडच्या दिव्याचा उजेड दिसला. काचेची कड आणि थर्मोकोल यांच्यात फट पडली होती. भोकाजवळ अंगठा दाबला, तर प्लाय चहात बुडवलेल्या टोस्टसारखा आत गेला. एवढं वजन तीन कोपऱ्यांवर आलं की काच कधीही तडकू शकते. सगळ्यांना उठवलं. नळी लावून, बादल्या भरभरून रात्री दोनपर्यंत टाकी रिकामी केली. एंजल मासे बादलीत, त्यांच्यावर एअर पंप धरून मुलगा सकाळपर्यंत बसला होता.

दुसऱ्या दिवशी त्याच शीटचा उरलेला कोरडा तुकडा पातेल्यात उकळत ठेवला. नणंदेच्या किचनमधून उरलेला खऱ्या मरीन प्लायचा तुकडाही त्यातच टाकला. दोन तासांत आमच्या तुकड्याचे पापुद्रे सुटले आणि पाणी काळपट लाल झालं. ज्या गडद रेघा मला डिंक म्हणून दाखवल्या होत्या, तो कडेवर फासलेला रंग होता. आतला डिंक फिकट होता. नणंदेचा तुकडा संध्याकाळपर्यंत उकळूनही जसाच्या तसा. आयएस 710 च्या चाचणीत प्लाय 72 तास उकळतात. आमच्याकडे आलेला माल साधा एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) असणार, युरियाच्या डिंकाचा. तो दमट हवा सोसतो, पाणी नाही.

मग भाचीनं बीआयएस केअर ॲप उघडलं, आयएसआयची खूण देणाऱ्या सरकारी संस्थेचं. आयएसआयच्या खुणेखाली सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो, तो त्यात टाकला की कारखान्याचं नाव दिसतं. आमच्या शीटवरचा क्रमांक भलत्याच कारखान्याचा निघाला. हे दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत कळलं असतं.

दुकानदाराकडे गेले तेव्हा मराठी संपलं होतं. "छेद खुला छोड़ा आपने, मैडम." एका भोकात एकच हात बसला होता, हे मी नाकारत नाही. पण मरीन म्हणून विकलेला माल तेवढ्या ओलीनं कुजायला नको. तो म्हणाला, चिठ्ठीवर मरीन कुठे लिहिलंय? 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथंही पहिला प्रश्न बिलाचाच होता, आणि तिथून पुढे काही सरकलं नाही.

दिवाळीनंतर नवीन स्टँड केला. या वेळी प्रत्येक दुकानात आधीच सांगितलं: पक्क्या बिलावर आयएस 710 आणि परवाना क्रमांक लिहून हवा, आणि वीतभर तुकडा आज घरी न्यायला हवा. पहिल्या दोघांनी नकार दिला. तिसऱ्यानं करवत काढून शीटच्या मधल्या भागातून तुकडा कापून दिला. तो आठ तास उकळला, मग पैसे दिले.