रोमन फोरमची पायी सहल: माझं मत कुणी विचारलंच नाही

तीन तास, ११ जणांचा गट, माणशी ४५ युरो, प्रवेशाचं तिकीट त्यातच. विषय होता, रोमन प्रजासत्ताकात सत्ता कुणाच्या हातात होती. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवल्यामुळे हे बुकिंग माझ्याच हट्टाने झालं. पाचपैकी साडेतीन तारे.

सगळ्यात छान जमलं ते मतदान. रोस्ट्राच्या चौथऱ्यासमोर (इ.स.पू. ३३८मध्ये अँटियमहून आणलेल्या जहाजांच्या चोची मूळ व्यासपीठाला ठोकल्या होत्या, म्हणून हे नाव) गाइडने आमचे पाच गट पाडले. पहिल्या तीन, म्हणजे श्रीमंतांच्या गटांत एकेकच माणूस, उरलेले आठ जण शेवटच्या दोन गटांत. प्रत्येक गटाला एकच मत. प्रश्न असा, की आधी सावलीत बसायचं की थेट पॅलेटाइन टेकडी चढायची? आमचे हे एकटेच पहिल्या गटात. तिन्ही श्रीमंत "चढायची" म्हणाले आणि गाइडने मतदान थांबवलं, बहुमत झालं म्हणे! मी मागून ओरडले, "अहो, माझे गुडघे!" पण आमची पाळी आलीच नाही.

कॉन्सल, म्हणजे प्रजासत्ताकाचे सर्वोच्च अधिकारी, निवडणाऱ्या सभेत असंच चाले. एकूण १९३ सेंटुरिया, म्हणजे मतदानाचे गट; प्रत्येकाला एक मत. जुन्या रचनेत घोडेस्वारांच्या १८ आणि पहिल्या वर्गाच्या ८०, म्हणजे ९८ मतं श्रीमंतांचीच. मालमत्ता नसलेल्या सगळ्यांची मिळून एक. बायकांना तर मतच नव्हतं, हे गाइडने मागाहून सांगितलं, तेव्हा ओरडायचाही हक्क गेला!

क्युरिया, म्हणजे सिनेटच्या सभागृहासमोरचं विवेचनही चोख होतं. आज उभी असलेली इमारत इ.स. २८३च्या आगीनंतर डायोक्लेशनने बांधलेली, हे त्याने लपवलं नाही. सिनेट कागदोपत्री फक्त सल्ला देई, पण खजिना आणि परराष्ट्र व्यवहार तिच्याच हातात. कॉन्सल दोन, तेही वर्षभरासाठी; सिनेटर बहुधा जन्मभर. आता मुरलेल्या माणसापुढे वर्षभराचा पाहुणा काय बोलणार?

दीड तारा कापला तो ट्रिब्यूनसाठी. सामान्यांच्या या दहा प्रतिनिधींपैकी एकाने "मनाई" म्हटलं की कॉन्सलचा हुकूमही अडे. इतका मोठा विषय पाच मिनिटांत उरकला, वर कानातलं यंत्र सारखं खरखरत होतं. इ.स.पू. १३३मध्ये टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनने आड येणाऱ्या सहकारी ट्रिब्यूनला मतदानाने पदावरून काढलं आणि त्याच वर्षी तो स्वतः मारला गेला, एवढं जेमतेम ऐकू आलं. पहिला सम्राट ऑगस्टस याने इ.स.पू. २३मध्ये ट्रिब्यून न होताच ट्रिब्यूनचे अधिकार घेतले, ही तर खरी गोम. ती राहिलीच! त्याऐवजी सम्राट नीरोचे किस्से वीस मिनिटं.

आणि एक. कॉन्सल निवडणारी ही सभा फोरममध्ये भरतच नसे. सैन्यासारखी रचना असल्याने ती शहराच्या पवित्र हद्दीबाहेर, मार्स मैदानावर भरे. सहल तिकडे जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच फुकटात गेलो. पँथिऑन या जुन्या रोमन मंदिराच्या कडेला सेप्टाची जुनी विटांची भिंत आहे. मतदानासाठीचं हे भव्य आवार सीझरने योजलं, इ.स.पू. २६मध्ये ऑगस्टसचा सहकारी अग्रिपा याने पुरं केलं. तोवर मतदानात राम उरला नव्हता, म्हणून तिथे ग्लॅडिएटरांचे खेळ होऊ लागले.