जुन्या डेस्कटॉपला वेगवान यूएसबी: कोणतं अ‍ॅड-ऑन कार्ड घ्यावं, कोणतं टाळावं

डेस्कटॉप धडधाकट असतो, प्रोसेसरही कामाला पुरतो. अडतं ते मागच्या पोर्टांपाशी. एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारची) एसएसडी बाहेरच्या एन्क्लोजरमध्ये, म्हणजे यूएसबीला जोडायच्या डबीत, घालून जोडली की लगेच '१० गिगाबिटचा (म्हणजे सेकंदाला १० गिगाबिट नेणारा) टाइप-सी पोर्ट हवा' ही मागणी येते. मदरबोर्ड न बदलता ती भागवायची तर त्यावरच्या पीसीआय एक्सप्रेस (पुढे नुसतं 'पीसीआय') स्लॉटमध्ये बसणारं यूएसबी कार्ड घ्यावं लागतं. अशी कार्डं ढीगभर नावांनी विकली जातात, पण आतल्या चिप मोजक्याच. म्हणून इथे खोकी बाजूला ठेवून चिपनुसार पारख केली आहे.

आधी गरज तपासा. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २५० मेगाबाइट देते आणि साटा (जुन्या जोडणीची) एसएसडी ५५०च्या आसपास थांबते. ५ गिगाबिटच्या पोर्टातून प्रत्यक्षात ४०० ते ४५० मेगाबाइट निघतात, म्हणजे हार्ड डिस्कवाल्यांना १० गिगाबिटचा शून्य उपयोग आणि साटावाल्यांना थोडासाच. खरा फरक दिसतो तो एनव्हीएमई एन्क्लोजरवर: १०० गिगाबाइटची फाइल ५ गिगाबिटवर पावणेचार मिनिटं घेते, १० गिगाबिटवर पावणेदोन मिनिटांच्या आत जाते. यूएसबी २.०वर त्याच फाइलला पाऊण तास लागेल. अर्थात एसएसडी स्वस्तातली क्यूएलसी प्रकारची असेल तर तिची कॅश (तात्पुरती वेगवान जागा) भरल्यावर वेग कोसळतो, आणि त्याचा दोष बिचाऱ्या पोर्टावर येतो.

सगळ्यात स्वस्त वर्ग व्हीआयएच्या व्हीएल८०५ किंवा रेनेसासच्या चिपवर चालणाऱ्या ५ गिगाबिट कार्डांचा. पोर्ट चार, पण मागे पीसीआय २.०ची एकच लेन (डेटा नेणारी वाट), म्हणजे चारही पोर्टांत मिळून सेकंदाला जेमतेम ५०० मेगाबाइट, तेही कागदावर. माउस, प्रिंटर, वेबकॅम, बॅकअपची हार्ड डिस्क यांना ही कार्डं पुरतात. वेगासाठी घेऊ नयेत.

फसवणूक होते ती पुढच्या वर्गात. १० गिगाबिट असं ठळक छापलेलं, पण एक्स१ पट्टीचं, म्हणजे स्लॉटमध्ये जाणारी पट्टी एकाच लेनची असलेलं कार्ड. पीसीआय ३.०ची एक लेन ९८५ मेगाबाइट नेते, तेव्हा एका पोर्टापुरतं हे खपून जातं. दोन्ही पोर्ट एकदम वापरले की वेग निम्मा. आणि स्लॉट पीसीआय २.०चा असेल तर १० गिगाबिट हे निव्वळ स्टिकर उरतं. असे स्लॉट विरळा नाहीत: एएमडीच्या बी४५० बोर्डांवर चिपसेटकडून (प्रोसेसरऐवजी बोर्डाच्या मदतनीस चिपकडून) येणारे स्लॉट २.०च आहेत, आणि इंटेलच्या १०० मालिकेआधीच्या चिपसेटांचंही तेच. पट्टी एक्स१ आणि दावा १० गिगाबिट दिसला की ते कार्ड सोडून द्या.

घेण्याजोगं कार्ड म्हणजे एसमीडियाच्या एएसएम३१४२ चिपचं. ही चिप पीसीआय ३.०च्या दोन लेन वापरते, त्यामुळे एका पोर्टावर सेकंदाला १००० मेगाबाइटच्या आसपास वेग विनासायास मिळतो. पट्टी सहसा एक्स४ आकाराची असते, म्हणून ती एक्स४ किंवा एक्स१६ स्लॉटमध्येच बसते. बसवण्याआधी मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा. आकाराने लांब असलेल्या खालच्या स्लॉटला पुष्कळदा एकच लेन जोडलेली असते, आणि काही बोर्डांवर तो स्लॉट वापरला की एखादा एम.२ (आतल्या एसएसडीचा) स्लॉट किंवा दोन साटा पोर्ट बंद पडतात. बी४५०च्या चार लेनवाल्या स्लॉटमध्ये हे कार्ड पीसीआय २.०वर चालेल, ८०० मेगाबाइटच्या आसपास मिळाले तरी सौदा वाईट नाही.

एएसएम३२४२ची २० गिगाबिट कार्डं चार लेन घेतात आणि योग्य एन्क्लोजर असेल तर सेकंदाला २००० मेगाबाइटच्या जवळ जातात. योग्य म्हणजे यूएसबी ३.२ जेन २x२ लिहिलेलंच. बाकीची १०वर उतरतात. अडचण पुढची आहे. नव्या यूएसबी४मध्ये हा २x२ प्रकार ऐच्छिक ठेवला आहे, त्यामुळे तेच एन्क्लोजर उद्या नव्या लॅपटॉपला लावलं तर बहुधा १० गिगाबिटवरच चालेल. एकाच डेस्कटॉपवर रोज मोठे व्हिडिओ हलवणाऱ्याने घ्यावं, इतरांनी नाही.

आता वीज, कारण तक्रारी सगळ्यात जास्त इथूनच येतात. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये १२ आणि ३.३ व्होल्ट असतात, ५ व्होल्ट नसतातच. यूएसबीला लागतात ५. काही कार्डं १२ व्होल्टवरून ५ तयार करतात, काही साटा पॉवरच्या जोडणीतून थेट घेतात. ती जोडणी रिकामी सोडली की माउस चालतो, पण एसएसडी कॉपी करता करता मध्येच गायब होते, आणि लोक ड्रायव्हर बदलत बसतात. एसएमपीएसची (पीसीच्या वीजपुरवठ्याच्या पेटीची) साटा केबल सरळ लावा. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या वीज जोडणीवरून) साटा करणारे ओतीव प्लास्टिकचे अ‍ॅडॉप्टर वापरू नका. आतल्या तारा एकमेकींना टेकून ते जळाल्याची उदाहरणं कुप्रसिद्ध आहेत.

या कार्डांच्या टाइप-सी पोर्टाकडून मॉनिटर चालवण्याची किंवा लॅपटॉप चार्ज करण्याची अपेक्षा नको. डेटा आणि जास्तीत जास्त १५ वॉट, एवढंच. जुन्या बोर्डांवर या पोर्टांवरून बूट होत नाही, तेव्हा कीबोर्ड आणि विंडोजचा पेनड्राइव्ह मूळ पोर्टांनाच ठेवा. विंडोज १० आणि ११मध्ये वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

केबलवर बहुतेकांचं लक्ष नसतं. फोनसोबत येणारी टाइप-सी केबल बरेचदा फक्त यूएसबी २.०ची असते, आकार तोच, वेग ४८० मेगाबिट. १० गिगाबिटसाठी एक मीटरपर्यंतची केबल ठेवा, मध्ये एक्स्टेन्शन नको. निळ्या टाइप-ए पोर्टात प्लग फार सावकाश सरकवला तरी ड्राइव्ह २.० म्हणून ओळखला जाऊ शकतो, तेव्हा काढून एका दमात लावून पाहा. वायरलेस माउसचा रिसीव्हर या पोर्टांपासून लांब लावा, कारण यूएसबी ३चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि माउस अडखळतो.

कार्ड बसवल्यावर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी कंट्रोलरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्समध्ये लिंक स्पीड आणि लिंक विड्थ वाचा. लिनक्सवर 'एलएसपीसीआय -व्हीव्ही' (lspci -vv) या आज्ञेच्या उत्तरात ३१४२ पुढे ८ जीटी (पीसीआय ३.०चा वेग; २.०च्या स्लॉटवर ५) आणि एक्स२ (दोन लेन) दिसायला हवं. एक्स१ दिसलं तर स्लॉट चुकला आहे. ड्राइव्ह कोणत्या वेगाने जोडला गेला ते 'एलएसयूएसबी -टी' (lsusb -t) सांगतं: १००००एम म्हणजे १० गिगाबिट, ४८०एम म्हणजे आधी केबल बदला.

४० गिगाबिटचा मोह असेल तर यूएसबी४ आणि थंडरबोल्टची कार्डंही आहेत, मात्र ती प्रत्येक बोर्डावर चालतातच असं नाही. बोर्डावर त्यांच्यासाठी वेगळा हेडर (पिनांची जोडणी) लागतो, बायॉसची (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरची) साथ लागते, आणि मॉनिटरसाठी ग्राफिक्स कार्डातून डिस्प्लेपोर्टची केबल फिरवून आणावी लागते. बोर्डाच्या कंपनीच्या यादीत तुमचं मॉडेल नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.