फ्लॅट मुलांना द्यायचा: मृत्युपत्र, बक्षीसपत्र की ट्रस्ट?

साठी उलटली, मुलं मार्गी लागली की घरात हा विषय निघतोच. हल्ली त्याची सुरुवात दोनशे रुपयांपासून होते. "अहो, मुलाच्या नावावर घर करायला दोनशे रुपयांचा स्टॅम्प लागतो फक्त. आत्ताच उरकून टाका की!" सांगणारा खोटं बोलत नाही. महाराष्ट्रात राहती मालमत्ता किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क 200 रुपयेच आहे. भावाला, बहिणीला किंवा आईला द्यायची झाली तर मात्र 3 टक्के. महापालिका हद्दीत बाजारमूल्यावरचा अधिभार असतो, तो वेगळा.

पण दोनशे रुपयांत काय जातं ते पाहा. बक्षीसपत्र नोंदवलं आणि मुलाने स्वीकारलं की घर त्याच क्षणी त्याचं. उद्या मन बदललं म्हणून ते परत घेता येत नाही. मुलाने ते गहाण टाकलं, विकलं, किंवा त्याच्या कर्जापायी जप्तीची पाळी आली, तर तुम्ही मालक नसता. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 थोडा आधार देतं. सांभाळाच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकतं. मात्र अट कागदावर असली तरच बाजू भक्कम राहते. म्हणून "प्रेमापोटी व मायेपोटी" एवढ्यावर थांबू नका. "लिहून देणार यांचा हयातभर सदर सदनिकेत राहण्याचा हक्क अबाधित राहील व लिहून घेणार हे त्यांचा सांभाळ, औषधपाणी व दैनंदिन खर्च करतील, या अटीवर" हे वाक्य दस्तात घालून घ्या. टंकलेखकाच्या तयार नमुन्यात ते बहुधा नसतं.

माझं मत सरळ आहे: डोक्यावरचं छप्पर बक्षीस देऊ नये. दुसरा फ्लॅट असेल, मुलीला तो आजच वापरायला द्यायचा असेल, किंवा आपल्यामागे भांडण होणार हे दिसतच असेल, तर बक्षीसपत्र खुशाल करा. त्याचा मोठा फायदा असा की जे व्हायचं ते तुमच्या डोळ्यांसमोर होतं. फेरफार होतो, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव चढतं, कुणाला शंका असेल तर ती तुम्हालाच विचारता येते. कर्ज चालू असेल तर बँकेची संमती आधी घ्या.

मृत्युपत्राचं सगळं याच्या उलट. तुम्ही असेपर्यंत काहीच बदलत नाही, मालकी तुमचीच. स्टॅम्प लागत नाही, साध्या कागदावर चालतं, हवं तितक्या वेळा बदलता येतं. शेवटचं विल खरं. आधीचं नोंदवलेलं आणि नंतरचं बिननोंदणीचं असलं तरी नंतरचंच चालतं. नोंदणी ऐच्छिक आहे, पण वय झालं असेल तर करावी. दुय्यम निबंधकांसमोर फोटो आणि अंगठा झाला की "ही सही बाबांची नाहीच" म्हणणाऱ्याचं तोंड बरंचसं बंद होतं.

विल लढाईत पडतं ते सहीच्या दिवशीच्या ढिलाईमुळे. दोन साक्षीदार हवेत, आणि दोघांनीही तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं. पुढे वाद झाला तर विल शाबित करायला निदान एका साक्षीदाराची जबानी लागते. म्हणून तुमच्याच वयाचा मित्र घेऊ नका, पंधरा-वीस वर्षांनी लहान माणूस घ्या. ज्याला वाटा मिळणार तो साक्षीला नको. वकील त्याने ठरवलाय, गाडी त्याने आणलीय, मसुदाही त्यानेच वाचून दाखवलाय असं दिसलं की कोर्ट संशयाने बघतं. नेहमीच्या डॉक्टरांचा त्याच तारखेचा दाखला जोडा. एखाद्या मुलाला वगळत असाल तर कारण एका ओळीत लिहा, टोमणा न मारता.

विल फक्त आपल्या हिश्श्याचं होतं. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर तुमचा अर्धाच, वडिलोपार्जित मालमत्तेत तुमचा वाटा तेवढाच. आणि "सोसायटीत नॉमिनी लावलाय, मग विल कशाला?" हा समज सोडा. नॉमिनी हा वारसांसाठी सांभाळणारा. कंपन्यांच्या शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. मूल नसलेल्या विवाहित हिंदू स्त्रीने तर विल टाळूच नये. नवरा आधी गेला असेल, तर तिच्या स्वतःच्या कमाईचं घर विल नसताना सासरच्या वारसांकडे जातं, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर.

मुंबईतल्या मिळकतीच्या विलला प्रोबेटची, म्हणजे विल खरं असल्याच्या कोर्टाच्या शिक्कामोर्तबाची, सक्ती होती. भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं ते कलम 213 संसदेने डिसेंबर 2025 मध्ये काढून टाकलं. तरी वाद दिसत असेल तर प्रोबेट घेतलेलं बरं, त्याची वाट बंद झालेली नाही.

आता ट्रस्ट, म्हणजे मिळकत विश्वस्तांच्या हाती सोपवून मुलांसाठी सांभाळायची व्यवस्था. सल्लागार तो विकताना वारसा कराची भीती घालतात. आपल्याकडे असा कर, म्हणजे इस्टेट ड्यूटी, 1985 मध्येच रद्द झाला, त्यामुळे उद्या येऊ शकणाऱ्या कराच्या भीतीने आज ट्रस्ट बांधायचं कारण मला दिसत नाही. स्थावर मिळकत ट्रस्टमध्ये टाकायची तर दस्त नोंदवावा लागतो, मुद्रांकात 200 रुपयांची सवलत गृहीत धरता येत नाही. पुढे दरवर्षी हिशेब आणि विवरणपत्र. विश्वस्तांच्या मर्जीवर वाटप ठेवलं तर करही साधारणपणे सर्वांत वरच्या दराने.

एका घराला मात्र ट्रस्टच हवा: जिथे मतिमंद, स्वमग्न किंवा बहुविकलांग मूल आहे. त्याच्या नावावर फ्लॅट करून काय उपयोग, वीजबिल कोण भरणार, काळजीवाहकाचा पगार कोण देणार? इथे विलमध्येच ट्रस्ट निर्माण करण्याची सोय आहे. तुम्ही असेपर्यंत खर्च नाही, तुमच्या पश्चात विश्वस्त भाडं आणि ठेवींचं व्याज त्या मुलासाठी वापरतात. केवळ अवलंबून असलेल्या नातेवाइकासाठी विलने केलेल्या अशा एकमेव ट्रस्टला तो वरचा दर लागत नाही. पालकत्वासाठी 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हा पातळीवरच्या समितीकडे अर्ज वेगळा करावा लागतो. भावंडालाच एकटं विश्वस्त नेमू नका. सोबत एक बाहेरचा माणूस ठेवा, कारण मुलाच्या पश्चात उरलेलं त्याच भावंडाला मिळणार असेल तर आज खर्च करताना त्याचा हात आखडू शकतो.

हे सगळं हिंदू कुटुंब धरून लिहिलं आहे. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे विल करता येत नाही. गोव्यात मुलं असतील तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव असते आणि विल नोटरीसमोर करायची पद्धत आहे, तेव्हा पुण्यातल्या वकिलाचा मसुदा म्हापशाला नेऊन उपयोग नाही.